आल्या वाटेने परत: ऑनलाइन बेटिंगचे पैसे आणि बँकेची तपासणी

रात्री १०:४२ ला ५०० गेले. १०:५१ ला आणखी ५००. ११:०५ ला १,०००. मग ११:३० ला भलत्याच कुणाच्या तरी खात्यातून १०,००० जमा, आणि चार मिनिटांत त्यातले ८,००० पुन्हा बाहेर. बँकेत व्यवहार तपासणाऱ्या टेबलावर मी काही वर्षं काढली आहेत. असं स्टेटमेंट उघडलं की पैसे कुणाला गेले ते वाचायच्या आधी, नुसत्या वेळा आणि आकडे बघूनच अंदाज यायचा. यातल्या पहिल्या तीन ओळींनी आमच्यापैकी कुणाची झोप उडायची नाही. चौथीने उडायची.

नव्या माणसाच्या डोक्यात हे बरोबर उलटं असतं. पैसे भरताना धाकधूक, आणि काढताना मात्र ‘आता काय, माझेच आहेत’. बँकेचं गणित निराळं. तुम्ही जिंकलात की हरलात याच्याशी तिला कर्तव्य नाही. खात्यात आलेला पैसा कुणाचा, कशाबद्दल आला, आणि ते कागदावर दाखवता येतं का, एवढंच ती बघते. खालच्या पायऱ्या त्याच नजरेतून लिहिल्या आहेत. व्यवहार लपवायचे कसे हे इथे शोधू नका. लोक एकमेकांना ज्या युक्त्या सांगत असतात, त्यातल्या बऱ्याचशा खातं गोठवून घेण्याच्याच युक्त्या आहेत.

पायरी १: आधी कायदा, मग ॲप

तुम्ही राहता त्या देशात हे चालतं का, हा पहिला प्रश्न. ‘सगळेच खेळतात’ हे त्याचं उत्तर होत नाही. भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, लोकांना पुरवायला त्यात बंदी आहे. आणि बँकांनी, पेमेंट कंपन्यांनी अशा खेळांचे पैसे पुढे पाठवायलाही. नॉर्वेने परवाना नसलेल्या साइट्सचे पैसे बँकांमार्फत जाणं २०१० पासून बंद केलं. अमेरिकेत २००६ चा कायदा बेकायदा इंटरनेट जुगाराची पेमेंट्स अडवायची जबाबदारी बँकांवर टाकतो. ब्रिटनमध्ये खेळ कायदेशीर आहे, पण १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने पैसे लावता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाने जून २०२४ मध्ये ऑनलाइन बेटिंगसाठी क्रेडिट कार्ड आणि क्रिप्टो दोन्ही बंद केलं.

तुमच्याकडे बंदी असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. थांबायचं ते इथेच. बंदी असलेल्या ठिकाणी पैसे अडकले तर ‘माझे पैसे द्या’ म्हणत दाद मागायलाही सोयीची जागा उरत नाही, हे नंतर कळून काय उपयोग.

चालत असेल तर साइटचा परवाना तपासा, आणि तो साइटवरच्या चिन्हावरून तपासू नका. चिन्ह कुणीही चिकटवतं. ब्रिटनचं गॅम्बलिंग कमिशन, माल्टाची गेमिंग ऑथॉरिटी अशा नियामकांच्या संकेतस्थळांवर परवानाधारकांची यादी खुली असते. तिथे कंपनीचं नाव शोधायचं. आणि एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात चालतोच असं नाही, हेही ध्यानात ठेवायचं.

पायरी २: बँकेला काय दिसतं ते समजून घ्या

कार्डाने पैसे घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी कोड असतो. किराणा मालाच्या दुकानाचा वेगळा, औषधांच्या दुकानाचा वेगळा. बेटिंग, लॉटरीची तिकिटं, कॅसिनोच्या चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) या सगळ्यांचा ठरलेला कोड ७९९५. तुम्ही कार्ड वापरलंत की हा कोड व्यवहाराबरोबरच बँकेत पोचतो. साइटचं नाव कितीही सोज्वळ असो, ७९९५ दिसला की विषय संपला.

याच कारणाने क्रेडिट कार्डवाले फसतात. अनेक बँका हा कोड रोख रक्कम काढल्यासारखा धरतात. म्हणजे वेगळं शुल्क, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत इथे नाही. पहिलं बिल हातात पडल्यावर लोक आमच्यावर ओरडायचे. कार्डाच्या अटींत ते लिहिलेलं असायचं, पण अटी वाचतो कोण!

आता याच्या उलटा प्रकार. बेटिंग साइटवर भरलेले पैसे स्टेटमेंटमध्ये फुलांच्या दुकानाला किंवा कसल्याशा सल्ला-सेवेला गेलेले दिसतात. नवखा माणूस खूश होतो, की चला, घरच्यांना कळणार नाही. तपासणीच्या टेबलावर मात्र हे साध्या ७९९५ पेक्षा कितीतरी वाईट. साइटने दुसऱ्याच धंद्याच्या नावाखाली पैसे गोळा करणं याला ट्रान्झॅक्शन लाँडरिंग म्हणतात, आणि ते ‘फुलांचं दुकान’ एकदा पकडलं गेलं की त्याला पैसे दिलेल्या सगळ्यांची यादी निघते. रात्री दोन वाजता, आठवड्यातून पाचदा फुलं घेणारा गिऱ्हाईक त्या यादीत उठून दिसतो.

वॉलेट मध्ये टाकलं तर? वॉलेटमध्ये पैसे गेले एवढं बँकेला दिसतं, पुढचं वॉलेट कंपनीला दिसतं. तिलाही हेच नियम. मधे एक खोली वाढवली म्हणून घर मोठं होतं, अदृश्य नाही होत.

पायरी ३: पैसे भरण्याआधीची तयारी

केवायसी आधी पूर्ण करा. बऱ्याच साइट्स नाव आणि ईमेलवर खातं उघडून देतात, पैसे लगेच घेतात आणि ओळखपत्र मागतात ते काढायच्या वेळी. तेव्हा मग फोटो अस्पष्ट, पत्ता जुना, आडनाव वेगळं. लग्नानंतर नाव बदललेल्या किती बायकांचे पैसे नुसत्या या एका कारणाने आठवडेच्या आठवडे लटकलेले मी पाहिले आहेत. साइटवरचं नाव, बँकेतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं.

ही विचारपूस साइट हौसेने करत नाही. एफएटीएफ ही १९८९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था काळ्या पैशाविरुद्धचे नियम आखते. तिच्या शिफारशींनुसार ३,००० डॉलर किंवा युरो आणि त्यापुढच्या व्यवहारात कॅसिनोने गिऱ्हाईक कोण ते पक्कं करायचं असतं. युरोपीय संघात ही मर्यादा २,००० युरो आहे, आणि २०१५ च्या निर्देशात ती कॅसिनोपुरती न ठेवता जुगाराच्या सगळ्या सेवांना लावली.

दुसरं, यासाठी वेगळं खातं ठेवा. तुमच्याच नावाचं, केवायसी झालेलं. पगाराच्या खात्यातून हे व्यवहार करू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्यामागे नैतिकता वगैरे काही नाही. चौकशीसाठी खातं थांबवलं तर त्यातून जाणारं घरभाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, सगळंच थांबतं. वेगळं खातं असलं की अडकेल ते तेवढंच, आणि स्टेटमेंट वाचणाऱ्यालाही चित्र सरळ दिसतं: पगाराच्या खात्यातून इतके आले, साइटला इतके गेले, साइटकडून इतके परत आले. बायकोच्या, भावाच्या किंवा आईच्या खात्यातून मात्र एक पैसाही नको. ‘घरातलंच तर आहे’ हे स्पष्टीकरण साइटलाही चालत नाही आणि बँकेलाही.

पायरी ४: पैसे कुणाच्या खात्यात भरताय?

सगळ्यात जास्त खाती जिथे अडकताना पाहिली ती ही पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

ॲपवर ‘पैसे भरा’ दाबलं की एक खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड येतो. तो स्कॅन करा आणि वर दिसणारं नाव वाचा. कंपनीचं, परवान्यावरचं नाव आहे का? की कुणा अनोळखी माणसाचं? उद्या पुन्हा भरायला गेलात तर नाव बदललेलं आहे का? एखाद्या व्यक्तीचं नाव, तेही दर वेळी वेगळं, याचा अर्थ एकच: ती भाड्याची खाती आहेत. बँकेच्या भाषेत म्यूल खाती. कुणीतरी थोड्या कमिशनसाठी आपलं खातं, पासवर्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं.

आता हीच खाती त्याच आठवड्यात आणखी कशाला वापरली जातात ते बघा. खोट्या नोकरीच्या जाहिरातीला भुललेली एक व्यक्ती ‘नोंदणी फी’ म्हणून पैसे पाठवते. ते पैसे भाड्याच्या एका खात्यात येतात. ज्यांच्या हातात ती खाती असतात त्यांना त्याच वेळी बेटिंगमध्ये जिंकलेल्या तुम्हाला पैसे द्यायचे असतात. मग ते त्या खात्यातूनच तुम्हाला देतात. त्यांचे पैसे धुऊन निघाले, तुमचे तुम्हाला मिळाले, सगळे खूश. तीन दिवसांनी ती व्यक्ती पोलिसांत जाते. पैशाचा माग काढत काढत तक्रार तुमच्या खात्यापाशी येते आणि तिथेच थांबते, कारण पुढे पैसे तुम्ही खर्च केलेले असतात.

त्या क्षणी तुम्ही जिंकला होतात की नाही, हा प्रश्नच गैरलागू. चोरीचे पैसे तुमच्या खात्यात सापडले, हे खरं असतं.

म्हणून नियम सोपा ठेवा. पैसे घेणाऱ्याच्या जागी व्यक्तीचं नाव दिसलं तर भरायचे नाहीत. ‘एजंट’ मेसेजवर खाते क्रमांक पाठवतो म्हणाला, तर तिथेच राम राम. आणि कुणी तुमचंच खातं ‘थोडे दिवस वापरायला’ मागितलं, कमिशन देऊ म्हणालं, तर ते या साखळीतलं सगळ्यात तळातलं आणि सगळ्यात आधी पकडलं जाणारं काम आहे.

पायरी ५: रक्कम तोडू नका

ठरावीक रकमेच्या वर बँक सरकारला कळवते, म्हणून त्याच्या जरा खाली-खाली भरायचं, हा सल्ला फार जुना आणि फार वाईट. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वरच्या रोख व्यवहाराचा अहवाल बँकेने सरकारला द्यायचा असतो. तो टाळण्यासाठी रक्कम तोडून भरणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे, पैसा अगदी घामाचा असला तरी. बाकी देशांत आकडे वेगळे, पण संगणकाला शिकवलेलं तेच. ९,९०० च्या सलग चार नोंदी सरळ भरलेल्या चाळीस हजारांपेक्षा आधी वर येतात.

पायरी ६: काढताना

चांगली साइट पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत पाठवते. कार्डाने भरलेले कार्डावर, खात्यातून आलेले त्याच खात्यात. लोकांना हा छळ वाटतो. पण परत येणारी रक्कम कंपनीच्या नावाने आणि ओळखीच्या वाटेने आली, की बँकेत ती बहुधा कुणी उघडूनही बघत नाही. त्यामुळे मधेच कार्ड बदलणं, बँक बदलणं टाळा. बदलावंच लागलं तर जुनं कार्ड बंद झाल्याचं बँकेचं पत्र साइटला आधी द्या.

भरलेले पैसे न खेळता, किंवा नावापुरते खेळून, लगेच काढू नका. ‘सहज बघत होतो’ हे खरं असलं तरी काळा पैसा पांढरा करणारे नेमकं हेच करतात: चिप्स घ्यायच्या, थोडं खेळायचं, चिप्स मोडायच्या, आणि ‘जुगारात मिळाले’ म्हणून कागद करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून हॅकरांनी ८.१ कोटी डॉलर मनिलाच्या बँक खात्यांत वळवले, आणि तिथून त्यातला मोठा भाग कॅसिनोंत शिरला. माग तिथे विरला, कारण फिलिपिन्सच्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यात तोवर कॅसिनोच नव्हते. २०१७ मध्ये ते घालण्यात आले. तुम्ही दोन-चार हजार न खेळता काढलेत, तर तुमच्यावर संशय घेणाऱ्या संगणकाच्या नियमामागे असला इतिहास असतो.

आणि हो, काढण्याची विनंती केल्यावर ‘आधी कर भरा, मग पैसे सोडतो’ असा मेसेज आला तर ती साइट नाही, सापळा आहे. कर असेल तर तो कापून घेतात किंवा तुम्ही सरकारला भरता. साइट वेगळे पैसे मागत नाही.

पायरी ७: बँकेचा फोन आला तर

एक संभाषण मला अजून आठवतं. थोड्याफार फरकाने ते शेकड्यांनी झालं असेल.

“मॅडम, माझं खातं चालत नाहीये.”
“हो सर, एका जमा रकमेबद्दल थोडी माहिती हवी होती. मंगळवारचे अठरा हजार कुणाकडून आले?”
“मित्राने दिले. उसने घेतले होते त्याने.”
“बरं. मित्राचं नाव सांगता?”

पलीकडे शांतता. माझ्यासमोर स्क्रीनवर नाव होतं. त्याला ते माहीत नव्हतं. भाड्याच्या खात्यातून आलेले पैसे, त्याने नाव कधी वाचलंच नव्हतं. ‘बेटिंग साइटवरून काढले’ असं तो पहिल्याच वाक्यात म्हणाला असता तर प्रकरण सोपं राहिलं असतं असं नाही, पण त्याच्यावरचा संशय तरी दुप्पट झाला नसता.

तेव्हा खरं सांगा आणि थोडक्यात सांगा. मात्र आधी फोन खरा आहे का ते बघा: ठेवून द्या, आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर तुम्हीच लावा. खरी बँक ओटीपी किंवा पिन मागत नाही. मग कागद द्या. कोणते? साइटवरचा भरण्या-काढण्याचा पूर्ण इतिहास, तारखांसकट डाउनलोड केलेला. साइटवरच्या तुमच्या नावाचा स्क्रीनशॉट. भरलेले पैसे मुळात कुठून आले ते दाखवणारं, म्हणजे पगाराचं किंवा धंद्याचं, स्टेटमेंट. रक्कम मोठी असेल तर ‘पैशाचा स्रोत’ आणि ‘संपत्तीचा स्रोत’ असे दोन वेगळे प्रश्न येतात. पहिला या रकमेबद्दल असतो, दुसरा एकूण तुमच्याकडे एवढं आलं कुठून याबद्दल. घर विकलं असेल तर खरेदीखत, वारसा असेल तर त्याची कागदपत्रं. साइटवरचा इतिहास दर महिन्याला उतरवून ठेवा, कारण खातं बंद झालं की तो बघायची सोय राहीलच असं नाही.

बँकेचा माणूस ‘नक्की काय झालंय’ ते सांगत नाही म्हणून चिडू नका. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर गेला असेल तर तसं ग्राहकाला सांगायला कायद्यानेच मनाई असते. आम्ही टेबलामागे बसून ‘चौकशी चालू आहे’ एवढंच म्हणायचो, आणि समोरच्याला वाटायचं हे मख्ख आहेत. तुम्ही लेखी विचारा: खातं कोणत्या तारखेपासून थांबवलं आहे, पूर्ण की ठरावीक रकमेपुरतं, आणि बँकेने थांबवलं की पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने. या तिसऱ्याचं उत्तर बँकेला देता आलं, की पुढे दार कुणाचं ठोठवायचं ते कळतं. आदेश बाहेरचा असेल तर शाखेत रोज खेटे घालून काही हलत नाही.

एक काम चुकूनही करू नका. हरल्यावर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ म्हणून कार्डावर वाद नोंदवणं. तुमचं डिव्हाइस, तुमचा आयपी, तुमची केवायसी, सगळं साइटकडे असतं आणि ती ते पाठवते. पैसे तर येत नाहीतच, बँकेच्या नोंदीत तुम्ही खोटं बोललात ते राहतं. खरोखर कुणी तुमचं कार्ड वापरलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक तासही दवडू नका.

कर्ज घ्यायचं असेल तर

घराच्या कर्जासाठी बँका मागच्या काही महिन्यांची स्टेटमेंट्स मागतात आणि ती वाचतात. महिन्याला एखादी छोटी नोंद असेल तर सहसा कुणी विचारत नाही. पगार झाल्याच्या रात्रीपासून सुरू होणारी रांग, महिनाअखेर शून्याला टेकलेली शिल्लक आणि मधे छोटी कर्जं, हे तिघं एकत्र दिसले की अर्ज बाजूला पडतो. वेगळं खातं असलं तरी त्याचंही स्टेटमेंट मागितलं जाऊ शकतं. तेव्हा ‘असं खातं नाही’ म्हणू नका.

थांबावंसं वाटलं तर

काही बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचं बटण असतं. लावणं क्षणाचं काम. काढायचं म्हटलं तर बँकेप्रमाणे काही तास किंवा दिवस थांबवतात, आणि ते मुद्दाम आहे. पण हे बटण चालतं त्याच चार आकडी कोडवर. ७९९५ आला की कार्ड नाकारलं जातं. फुलांच्या दुकानाच्या नावाने आला, किंवा तुम्ही स्वतः कुणाच्या खात्यात ट्रान्सफर केलीत, तर बटणाला काहीच कळत नाही. म्हणून ते लावताना शाखेला तीन गोष्टी विचारून घ्या: ट्रान्सफर यात धरली जाते का, वॉलेट धरलं जातं का, आणि जुन्या साइटवर उरलेली शिल्लक परत आली तर ती जमा होईल ना. तिसऱ्याचं उत्तर सहसा ‘हो’ असतं. बंद होतं ते जाणं, येणं नाही.